पऱ्हाटीतली धाव

आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी बी.ए. केलं, तेही यवतमाळला वसतिगृहात राहून, आणि हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. दुसरी गोष्ट मात्र मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. कॉलेजच्या त्या वर्षांत मी अभ्यासाइतक्याच नेमाने एका पोरीवर जळत होते.

ती दिग्रसकडच्या एका तांड्यावरची. मी बोरी अरबजवळची, घरचं वावर असलेली. दोघी फुटबॉलच्या टीममध्ये, दोघी उजव्या विंगला, मैदानाच्या उजव्या कडेने चढाई करणाऱ्या. विंगला जागा एकच. दिवाळीनंतर दुसऱ्या कॉलेजबरोबर सामना होता आणि आमच्या क्रीडाशिक्षकांनी, म्हणजे सरांनी, सांगून टाकलं होतं की जिचा ब्रेक चांगला तीच खेळेल, दुसरी बाकावर बसेल.

ब्रेक म्हणजे काय, ते सांगते. समोरच्या संघाची बॅक, म्हणजे गोल राखायला मागे थांबलेली पोरगी, तिच्या पाठीमागे मोकळी जागा असते. चेंडू तिथे जातो आणि मग ती बॅक आणि आपण, दोघींची शर्यत लागते. पहिल्या पाच-सहा पावलांत निकाल लागून जातो. पुढे राहिलात तर समोर फक्त गोलकीपर. मागे राहिलात तर सगळा खेळ वाया.

गावात माझ्याइतकं कोणी पळत नव्हतं. शाळेच्या दौडीत मी पोरांनाही मागे टाकलं होतं. आणि इथे ही पोरगी, सिनियरने टाकून दिलेले एक नंबर मोठे बूट घालून, बोटांपुढे कापूस कोंबून, मला रोज मागे टाकत होती. रोज. सर शिट्टी मारायचे, दोन पावलं आम्ही बरोबर असायचो आणि तिसऱ्या पावलाला मला तिची वेणी दिसायची.

मी मनाशी ठरवून टाकलं की ही शिट्टीच्या आधी निघते. सरांच्या लक्षात येत नसेल, मी लक्षात आणून देईन. म्हणून एका संध्याकाळी मी माझा मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून ग्राउंडच्या कडेला ठेवला आणि एकेक चेंडू घेऊन पळायची आमची धाव रेकॉर्ड केली.

वसतिगृहाच्या जिन्यात बसून मी ते हळू करून पाहिलं. शिट्टीच्या आधी निघाली होती ती मी. अर्धं पाऊल आधी. तरीही ती पुढे गेली होती.

पुन्हा पाहिलं. तिचं अंग पुढे झुकलेलं, चढावर गाडा ढकलावा तसं. पाय पोटाखाली पडत होता आणि जमीन मागे लोटत होता. कंबरेपासून हनुवटीपर्यंत हात मागे-पुढे सपासप जात होते. मोकळी जागा मिळाली की एकच लांब टोला मारून चेंडू पुढे सोडायची आणि मग नुसती पळायची. मी दर दुसऱ्या पावलाला चेंडूला पाय लावत होते, म्हणजे दर दुसऱ्या पावलाला माझी धाव तुटत होती. दुसऱ्याच पावलाला मी खांबासारखी सरळ उभी झालेली, पाय अंगाच्या पुढे आपटत होता, आणि हात? दोन्ही मुठी छातीशी. खारीसारख्या.

मागून ती धुण्याची बादली घेऊन आली. माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि खो-खो हसली.

"अव माय! तू तं पऱ्हाटीतून पळून राह्यली!"

पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. ती म्हणाली आणि मला माझं सगळं बालपण दिसलं. दसऱ्यापर्यंत पऱ्हाटी छातीला लागते, तासांमधली, झाडांच्या दोन ओळींमधली, वाट बुजून जाते. या धुऱ्याच्या बांधावरून त्या धुऱ्यावर बाबांची शिदोरी पोचवायची तर मी पळत जायचे, आणि आई लांबून ओरडायची, "हात आवर वं, पात्या झडतीन!" पाती म्हणजे कपाशीची कळी; ती झडली की फूल नाही, फूल नाही तर बोंड नाही. म्हणून हात छातीशी, अंग ताठ, पाय उचलून. अशी मी कितीतरी हंगाम पळाले. पळायला मी शिकलेच अशी.

"तू नाई का कापसात जात?" मी चिडून विचारलं. "मंग तुहे हात कसे मोकळे?"

"आम्ही वेचाले जातो. दुसऱ्याच्या वावरात कोन पळू देते बापा?" ती ओढणी पिळत म्हणाली. टोमणा नव्हता, सांगितलं फक्त. "मी पळली ते बकऱ्यांमागं, टेकडीवर. बकरी चढाले लागली का नुसत्या पायानं नाई होत, हात मारा लागते. सकाळी ये, दाखवीन तुले."

मी गेले नाही. घरचं वावर आहे हे मी मोठ्या तोऱ्याने सांगायचे आणि तेच माझ्या पायात आलं होतं. तिला जे बकऱ्यांनी शिकवलं ते मी तिच्याकडून शिकू? मी एकटीच सुट्टीच्या दिवशी लोहाऱ्याला एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर जायचे, चढाच्या बाजूने पळायचे. पहिली सहा पावलं मान खाली, मग हळूहळू अंग वर. जमायचं. पण कोणी आडवं आलं, कुत्रं जरी आलं, की हात परत छातीशी.

दसऱ्याला घरी गेले आणि सरळ वावरात शिरले. हात मोकळे सोडून एका तासातून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाले. फांद्या मोडल्या, पात्या झडल्या, कोपरापर्यंत ओरखडे आले. परत वळून दुसऱ्या तासातून.

"भूत लागलं का वं तुले?" आई धुऱ्यावरून ओरडली.

"प्रॅक्टिस आहे!"

"वावर काय ग्राउंड वाटलं तुले? हेच शिकवते का कॉलेजात?"

ती माझ्या मागून खाली पडलेल्या पात्या उचलत आली, पुन्हा झाडाला लावायच्या असल्यासारख्या. मला वाईट वाटलं, पण थांबले नाही. त्या पोरीच्या पुढे जायचं होतं मला.

निवडीच्या दिवशी सरांनी दहा वेळा चेंडू मोकळ्या जागेत सोडला आणि दहा वेळा आम्हाला पळवलं. चार वेळा मी जिंकले. चार! पण सहा तिचे.

"तू लय सुधारली," सर म्हणाले. "पन ते पोरगी अजून पुढं आहे."

ती धावत आली नि माझ्या पाठीवर थाप मारली. "हात सुटले न् तुहे!" म्हणाली. खरंच आनंद झाला होता तिला. मला त्या थापेचाही राग आला.

सामन्यात मी बाकावर. शेवटची काही मिनिटं उरली होती, दोन्हीकडे गोल नव्हता. चेंडू त्यांच्या बॅकच्या मागे पडला आणि ती सुटली. पहिली पावलं पाहण्यासारखी होती. अंग झुकलेलं, बॅक दोन हात मागे. तिने लांब टोला मारला. समोर फक्त गोलकीपर.

आणि मग मला दिसलं. ती थकली होती. खांदे कानांकडे चढले, अंग ताठ झालं, मुठी छातीशी आल्या. ती माझी धाव पळत होती. आमच्या बाकावर ते फक्त मला दिसलं, कारण महिनाभर मी दुसरं काही पाहतच नव्हते. सरांचं लक्ष चेंडूवर.

वावराच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला बाबांना हाक मारणारा माझा आवाज. ती तर माझ्या समोरूनच जात होती. "हात!" एवढंच ओरडायचं होतं. शब्द तोंडात आला होता. मी तो दाबून धरला. विसरले नाही, उशीर झाला नाही. मी तो दाबून धरला.

बॅकने तिला गाठलं, चेंडू बाहेर गेला. पेनल्टीवर आम्ही हरलो.

परतीच्या गाडीत ती माझ्याशेजारी बसली. पायातले बूट काढून मांडीवर घेतले होते. "मी काहून सापडली वं? मोकळी होती न् मी."

"गवत ओलं होतं," मी म्हटलं.

"हो का?" ती बुटातला कापूस काढू लागली. "असन."

आता मी शाळेत शिकवते आणि मैदानही बघते. पोरी बहुतेक वावरातल्याच. पहिल्या दिवशी मी त्यांचे हात पाहते. ते सोडवायला महिना जातो, पण सुटतात.

मागच्या महिन्यात ती मला दिग्रसच्या स्टँडवर भेटली. सोबत भाची होती. "हे माही कॉलेजची मैत्रीण," तिने भाचीला सांगितलं, "आम्ही संगं खेळो. तो गोल सांगतला होता न् तुले? गवत ओलं होतं म्हनून राह्यला."

इतकी वर्षं ती माझं खोटं सांभाळत होती. घरात सांगत होती.

"गवत कोरडं होतं वं," मी म्हटलं. "तुहे हात छातीशी आले होते. मले दिसलं होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. भाचीनेही.

"मंग ओरडली काहून नाई?"

"जळत होती तुह्यावर."

तिने हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "मी तं तुले लगेच सांगतलं होतं. त्या जिन्यात."

"हो."

तेवढ्यात त्यांची पुसदची बस हलली. तिने भाचीला पुढे पिटाळलं, पिशवी बगलेत मारली आणि निघाली. साडी, चपला, एकच हात मोकळा. तरी अंग तसंच पुढे झुकलं, पाय तसाच पोटाखाली पडला आणि तो एक हात कंबरेपासून हनुवटीपर्यंत सपासप गेला. दारातला दांडा धरून ती चढली. मागे वळून पाहिलं नाही.

मी तिथेच उभी होते. खरं बोलल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. पण मी तिची पावलं मोजत होते. सहा पावलांत तिने बस गाठली होती. मला आठ लागली असती.