आधी दाखव, मग पूस

आमची ताई हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळते. दहा जणांचं दिवसभराचं काम ती एका लांबलचक कमांडमध्ये बसवते. ती कमांड स्क्रीनवर तीनदा वळून खाली आली तरी ताईच्या लेखी ती एकच ओळ. पण तिची एक खोड आहे. 'पूस' लिहायचं तिथे ती आधी 'दाखव' लिहिते, काय काय पुसलं जाईल त्याची यादी वाचते आणि मगच शब्द बदलते. बाबा गेल्यावर घरच्या कॉम्प्युटरवरच्या त्यांच्या आवाजाच्या फायली तिच्याच एका ओळीने पुसल्या गेल्या होत्या. आई तिच्याशी महिनाभर बोलली नव्हती. मीही तोंडसुख घेतलं होतं.

मी तिथेच स्कॅनच्या खोलीत काम करतो. त्या दिवशी अकराच्या सुमारास डिस्क भरली. एका पेशंटचं ऑपरेशन अर्ध्यावर, सर्जनना नवा स्कॅन हवा आणि तो साठवायला जागा नाही. मी धावत ताईकडे गेलो. तिने ओळ लिहायला घेतली: वर्षाहून जुनी फोल्डरं शोध, त्यांची प्रत दुसरीकडे असेल तर दाखव.

"दाखव कसलं? पूस ना," मी म्हणालो. "तिकडे माणूस टेबलावर आहे."

"तू गप्प बस."

यादी आली. फोन दोनदा वाजून थांबला. मी दारात येरझाऱ्या घालतोय, आणि ही बया बोट लावून एकेक नाव वाचतेय. बोट थांबलं. एका ओळीत 'जुने' आणि खालच्या ओळीत नुसतं 'स्कॅन'. त्या 'स्कॅन'मध्ये याच पेशंटचे सकाळचे स्कॅनसुद्धा होते.

'जुने स्कॅन' हे फोल्डर मी केलेलं. दोन शब्दांत अंतर सोडलं, म्हणून कॉम्प्युटरने एका नावाची दोन नावं केली होती.

नाव नेमकं कुठे संपतं ते कळावं म्हणून ताईने ओळीत दोन खुणा घातल्या. यादी पुन्हा वाचली. मग 'पूस'. पाच मिनिटांत सर्जनना स्कॅन मिळाला.

"ताई, ते नाव मी ठेवलं होतं."

"माहीत आहे. बाबांच्या वेळी तुझं 'नको आवाज' होतं."

बिघडलेली रेकॉर्डिंग मी त्यात टाकायचो. बाबांचं फोल्डर होतं नुसतं 'आवाज'; माझं पुसताना तेच गेलं होतं.

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"ओळ माझी होती. न बघता चालवली मी," ती म्हणाली. "आणि तू तेव्हा कुठे दोन घास जेवायला लागला होतास."