सुटा भटजी

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून माझ्या बायकोने 'आता कशाला' हा एकच मंत्र धरला होता. नवा टॉवेल? आता कशाला. चष्म्याचा नंबर? आता कशाला. कुकरची रिंग गेली, ती बदलू या म्हटलं, तरी तेच. जणू आम्ही उद्यापासून जेवणारच नव्हतो. गुडघा खरं तर छान जमला होता, डॉक्टर खूश होते. बाईसाहेब मात्र हॉलमधल्या खुर्चीवर अशा बसायच्या, की बघणाऱ्याला वाटावं, बॅग भरून झाली आहे आणि आता फक्त रिक्षा यायची आहे.

मी तापट माणूस. एकदा आवाज चढवलाच. "अगं, गुडघा बदललाय, आयुष्य संपलेलं नाही!" तिने पेपरची घडी घातली आणि आत गेली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आमचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. घरात आम्ही मराठी बोलतो, पण त्यात कानडी इतकं मिसळलेलं, की पुण्याचे पाहुणे मधूनच 'म्हणजे काय?' विचारतात. दसऱ्यालाही इथल्या घरांसारख्या आम्ही बाहुल्या मांडतो. लाकडी पायऱ्या, त्यावर पांढरं कापड आणि सगळ्यात वर राजा-राणीची जोडी, पट्टद गोंबे. ही जोडी लग्नात मुलीला आईकडून मिळते. बायको दरवर्षी त्या दोघांना रेशमाच्या तुकड्यांचे नवे कपडे शिवायची आणि राजाच्या फेट्याला हा रंग की तो, यावर माझं मत विचारून नेमकं उलटं करायची.

शिवाय एक रीत अशी, की दरवर्षी निदान एक तरी नवी बाहुली यायलाच हवी, मग ती बोटभर का असेना. या रीतीपायी आमच्या माळ्यावर ट्रंकांवर ट्रंका चढल्या. त्या खाली उतरवणं हे माझं काम आणि उतरवताना कुरकुरणं हा माझा हक्क. खरेदी मात्र सगळी तिची. बाहुल्यांच्या दुकानात मी उभ्या जन्मात पाऊल टाकलं नव्हतं.

यंदा गणपती झाले आणि एका सकाळी ती म्हणाली, "ट्रंका खाली काढा."

चला, गाडी रुळावर आली, असं वाटून मी न कुरकुरता सगळ्या काढल्या. मग ती म्हणाली, "रविवारी गोकुलमहून भाची येते कार घेऊन. सगळं तिला देऊन टाकते. सुम्मे, उगीच माळ्यावर ठेवून काय करायचं?"

"सुम्मे कसं? दसरा तोंडावर आलाय!"

"साकु हो, पुरे झालं. मला खाली बसायला होत नाही. आणि बघायला तरी कोण येतंय?"

"राजा-राणी पण देणार?"

"ठेवून काय करू? मी गेल्यावर राणीला साडी तुम्ही नेसवणार, अल्वा, हो ना?"

हे ती अगदी सहज बोलली, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो, तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो. तिच्या आईने दिलेली ती जोडी घराबाहेर गेली, की मागोमाग तीही मनाने जाणार, आणि मी नुसता तिच्या खुर्चीसमोर बसून राहणार, हे मला स्वच्छ दिसलं. बेंगळुरूच्या मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, "आईच्या मनासारखं होऊ दे, बाबा." आईचं मनच जागेवर नव्हतं, त्याचं काय!

शनिवारी मला एक युक्ती सुचली. नवी बाहुली घरात आणायची. एकदा आणली की मांडल्याशिवाय कशी राहील? भाजी आणतो म्हणून सांगितलं आणि मार्केटजवळच्या दुकानात गेलो.

तिथे मातीचा एक भटजी मला बघताक्षणी आवडला. सुटलेलं पोट, कानामागे गेलेली शेंडी, हात असा उचललेला, की आत्ता अक्षता टाकेल. दुकानदार म्हणाला, "सर, हा सुटा मिळत नाही. सेट आहे." मला वाटलं, म्हातारा बघून सगळं गळ्यात मारतोय. झालं! माझा पारा चढला. भर दुकानात त्याच्याशी हुज्जत घातली. शेवटी त्याने हात टेकले आणि भटजी कागदात गुंडाळून दिला. किल्ला सर केल्यासारखा मी घरी आलो.

बायकोने कागद सोडला. भटजीला समोर ठेवलं. मग मागे बघितलं, पिशवीत बघितलं.

"बाकीचे कुठे?"

"बाकीचे कोण?"

"अय्यो, हा लग्नाच्या सेटमधला भटजी! नवरी कुठे? नवरदेव? कन्यादान करणारे?" तिने त्याचा उचललेला हात बोटाने दाखवला. "हा अक्षता कुणाच्या डोक्यावर टाकणार? माझ्या?"

माझा चेहरा बघून ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. किती महिन्यांनी ऐकलं मी ते हसणं! माझ्या मूर्खपणाला मी मनातल्या मनात दंडवत घातला.

"उद्या जाऊन उरलेले सगळे आणतो," मी म्हणालो.

"बेडा, नको. सगळे एकदम कशाला? एका वर्षी एक." तिने भटजीला जवळ ओढलं आणि त्याच्या शेंडीवरची धूळ फुंकली. "यंदा हा एकटा बसू दे. पुढच्या वर्षी नवरी आणू. नवरदेव नंतर, त्याला कसली घाई? मग तिचे आई-वडील. मामा पाहिजे, मामाशिवाय नवरीला मांडवात कोण आणणार? वाजंत्री. स्वयंपाकी. पंगत तर केवढी मोठी असते!"

ती बोटांवर मोजत होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. पंगतीपर्यंत पोचायला किती वर्षं लागतील, याचा हिशेब मी सुरू केला आणि लगेच सोडून दिला. तिने तो केलाच नव्हता.

मग तिने फोन उचलला. "उद्या येऊ नको गं," भाचीला म्हणाली, "आमच्याकडे भटजी आलाय." पलीकडून काय विचारलं कुणास ठाऊक, ही पुन्हा हसत सुटली.

फोन ठेवून तिने विचारलं, "कुठलं दुकान?"

मी सांगितलं.

"तेच ते, वरच्या मजल्यावरचं? जिना आहे तिथे."

"आहे. उंच आहे. तू सांग, मी आणेन."

"तुम्ही? तुम्ही नवरीच्या जागी सासू आणाल." ती थोडा वेळ आपल्या गुडघ्याकडे बघत राहिली. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली. "वर्षभर आहे हातात. चला, आधी आपल्या गच्चीपर्यंत चढून बघू या."

ऑपरेशननंतर तिने आमचा जिना चढला नव्हता. कठडा घट्ट धरून तिने पहिला पाय उचलला, थांबली, दुसरा त्याच पायरीवर घेतला. "मागे मागे येऊ नका, मी पडत नाही," असं मला बजावत ती चढत होती. तरी मी दोन्ही हात पसरून तिच्या मागे एकेक पायरी चढत राहिलो. डोळे असे भरून आले होते, की पुढची पायरी मलाच नीट दिसत नव्हती.