दामूअण्णांचा फिल्टर

कुणाच्याही घरी पाणी पुढे आलं की दामूअण्णा पेला आधी उजेडाकडे धरत आणि मग यजमानांकडे संशयाने बघत. "दिसायला सोज्वळ, आतून लबाड," असं म्हणत. हे पाण्याबद्दल की यजमानांबद्दल, असं विचारायची कुणाची छाती नव्हती.

बंगाली वस्तीच्या भवानीपुरात आम्ही त्यांच्या खालच्या मजल्यावर राहत होतो. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. त्यांच्या पत्नीला, सुशीलावहिनींना, पोटाच्या दुखण्याने बेजार केलं होतं. दुखणं पाण्याचं आहे, असंच चाललं तर त्यांना साताऱ्याला माहेरी पाठवा, असं डॉक्टरांनी बजावलं. अण्णांचा चेहराच उतरला. वहिनींशिवाय त्यांना स्वतःचा चष्मासुद्धा सापडत नसे.

मग फिल्टरचा शोध सुरू झाला. धर्मतल्ल्याच्या बाजारातल्या दुकानांतून ते मलाही फरफटत नेत. एका दुकानदाराला त्यांनी त्याच्याच फिल्टरचं पाणी प्यायला लावलं आणि त्याला काय होतं ते बघत बाकावर बसून राहिले. तो ठणठणीतच राहिला. "याला सवय झालेली दिसते," म्हणून अण्णा उठले.

शेवटी चिनी मातीचा, आत पाणी गाळायच्या दोन कँडल असलेला एक फिल्टर घरी आला. त्यातून थेंब थेंब पाणी गळे. "घाई नको, शुद्ध होतंय!" असं अण्णा तहानलेल्या पाहुण्यांना दटावत. आम्ही वर जाताना घरूनच पाणी पिऊन जात असू.

तरी वहिनींचं पोट बिघडायचं ते बिघडलंच. अण्णांनी कँडल घासल्या, उकळल्या, फिल्टरला शिव्या घातल्या. एकदा संध्याकाळी आम्ही दोघे बाजारातून येत होतो, तर कोपऱ्यावरच्या फुचकेवाल्यापुढे वहिनी उभ्या! फुचका म्हणजे आपली पाणीपुरीच. चिंचेच्या पाण्याच्या मडक्यात फुचकेवाल्याचा हात कोपरापर्यंत बुडालेला होता.

वहिनी रडवेल्या झाल्या. "अहो, या गावात तेवढंच एक आवडतं हो मला. आता पाठवा हवं तर साताऱ्याला."

अण्णा रस्त्यातच तमाशा करणार, असं मला वाटलं. पण ते बाजाराची पिशवी सावरत घराकडे वळले. दुसऱ्या दिवशी मात्र तो अवजड फिल्टर आम्ही दोघांनी जिन्यावरून खाली आणला. माझी कंबर धरली. अण्णांनी तो फुचकेवाल्याच्या शेजारी स्टुलावर ठेवला आणि आपल्या मराठमोळ्या हिंदीत दम भरला, "आजसे इसकाच पानी. और हाथ साबुनसे धोने का!"

फुचकेवाला गोंधळला. "और बाबू, आप घर में क्या पीजिएगा?"

"नल का," अण्णा म्हणाले. "हमको कौन मायके भेजनेवाला है?"