आयलंडकाकांची नऊ वर्षं

आयलंडकाका माणसाकडे एकदा बघून त्याचं वजन सांगत आणि दोन किलोंपलीकडे कधी चुकत नसत. त्यांना पाहिलं की ऑफिसातल्या आम्ही बायका टेबलामागे सरकायचो. शारजातल्या आमच्या कार्गो कंपनीत कुठला माल विमानात कुठे ठेवायचा, ते काका ठरवत. मी तिथे एचआरमध्ये नवी होते.

मूळचे ते नाशिकचे. पण नऊ वर्षं कॅरिबियन बेटांवरच्या एका चिमुकल्या विमान कंपनीत होते, म्हणून हे नाव. कंपनीची विमानं दोन, तीही इतकी लहान की सामानाबरोबर प्रवाशांनाही काट्यावर उभं करावं लागे. एकदा त्यांनी तिथल्या मंत्र्याला पुढच्या सीटवरून उठवून मागे बसवलं होतं. "विमानाला हुद्दा कळत नाही, वजन कळतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ती कंपनी कधीच बंद झाली होती, पण काका 'आमची कंपनी' म्हणाले की ती तीच, पगार आम्ही देत असलो तरी.

मग सुपरवायझरची जागा निघाली. ती मिळाली की फॅमिली व्हिसा होणार होता. काकू इतकी वर्षं नाशकात एकट्याच होत्या. पण जुन्या अनुभवाची खात्री करायचा नियम होता, आणि खात्री द्यायला तिकडे कुणी उरलंच नव्हतं. माझे ईमेल परत आले. मॅनेजर म्हणाले, "कंपनी नाही, तर अनुभव नाही. खलास."

शारजातल्याच रोल्ला भागातला एक टायपिंगवाला हवं ते लेटरहेड करून देतो, असं मी ऐकलं होतं. काकांना हळूच म्हटलं, "काका, एव्हरीबडी डझ इट. तासाभराचं काम आहे."

काका चिडले नाहीत. "अगं, नऊ वर्षांत त्या कंपनीनं मला एक किलोही खोटा लिहायला लावला नाही. आता ती बिचारी नाही, म्हणून तिच्या नावानं खोटा कागद काढू?"

फाइलवर मी 'पडताळणी झाली नाही' असं टाइप केलं. जागा दुसऱ्याला गेली. त्या दुसऱ्याला सगळं काम काकांनीच शिकवलं, तेही मनापासून. माझा मात्र जळफळाट व्हायचा.

काका कायमचे नाशिकला निघाले, तेव्हा मी त्यांना विमानतळावर सोडायला गेले. बॅगा उतरवताना धीर करून सांगितलं, "काका, ती ओळ मी टाइप केली होती."

"माहीत आहे," ते म्हणाले. "झालीच नव्हती पडताळणी. तू खरं तेच लिहिलंस, पोरी."

आज मी दुसऱ्या एका कंपनीचं एचआर सांभाळते. अर्जात बंद कंपनीचं नाव दिसलं की तिथल्या कुणाचा तरी नंबर मिळेपर्यंत आठ-आठ दिवस फोन करत राहते. मिळतोच कुणीतरी. काकांसाठी मी फक्त तीन ईमेल केले होते.