लाकडी बिनतारी

ती घटना आजही आठवली की आधी मला माझीच लाज वाटते आणि मग हसू येते.

पन्नास सालानंतरची ती वर्षे. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो. ठाण्याला एक जीप, आणि जीपमध्ये बसवलेला बिनतारी सेट. पावसाळ्यात नाले भरले की जिल्ह्याच्या ठिकाणाशी, चांद्याशी, आमचा संबंध उरायचा तो या सेटपुरताच. सेट चालवणारा हवालदार माझ्यापेक्षा वयाने मोठा, पेन्शनला दीड वर्ष राहिलेला. मोर्सच्या टकटकीत बिनतारी संदेश ठोकण्याचा प्रत्येकाचा हात वेगळा असतो, हस्ताक्षरासारखा. चांद्याचा ऑपरेटर चार ठोके ऐकूनच ओळखायचा, की आमचा हवालदार बोलतो आहे.

एकदा तपासणी करताना सेटच्या बटणांवर मला कानशीने पाडलेल्या खाचा दिसल्या. एकावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. सरकारी मालाशी छेडछाड. मी हवालदाराला विचारले.

"झिजले असतीन, साहेब," तो म्हणाला.

मोजून झिजणारे बटण मी अजून पाहिलेले नाही. पण तपासणीच्या वहीत तसे काही लिहिले नाही.

आठवड्याच्या आत लाकूड डेपोतला एक कारकून खबर घेऊन आला. डेपोजवळ राहणाऱ्या सुतार मिस्त्रीकडे रोज दुपारी बिनतारी चालते, असे त्याचे म्हणणे.

"मी आपल्या कानानं आयकलो, साहेब. टकटक, टकटक. अन् तुमचा हवालदार तिथीच बसून राह्यते."

माझे डोके भडकले. तेव्हा मी तापट होतो. बायको म्हणते, अजूनही आहे. हवालदार बाहेरच्या कुणाला ठाण्याच्या बातम्या देतो, असे मी मनाशी ठरवूनच टाकले. स्टेशन डायरीत 'संशयित बिनतारी यंत्र' अशी नोंद केली, दोन पंच घेतले आणि भर दुपारी मिस्त्रीच्या घरी धडकलो.

आत जे दिसले त्याचा पंचनामा कसा लिहावा हे कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेले नव्हते. एका गोल ओंडक्यावर आडवी फळी, फळीवर हवालदार बसलेला. समोर सागवानी खोके. त्यावर आमच्या सेटसारखीच बटणे, त्याच जागी, त्याच खाचांची. मांडीवर संदेश ठोकायची लाकडी कळ. म्हातारा मिस्त्री फळीचे टोक धरून ती गदागदा हलवत होता, आणि हवालदार हेलकावे खात डोळे मिटून ठोकत होता. खोक्यात तार नव्हती, बॅटरी नव्हती, काहीच नव्हते. एक पंच मला हळूच म्हणाला, "साहेब, हे तं खेळनं आहे."

हवालदाराला ठाण्यावर आणून मी तासभर विचारपूस केली. प्रत्येक प्रश्नाला त्याचे एकच उत्तर, "सराव करतो, साहेब." खोटे बोलणारा माणूस डोळे चुकवतो, हे मला ठाऊक होते. हवालदार डोळे चुकवत नव्हता. तो माझ्याकडेच बघत होता, पण डोळ्यांच्या चार बोटे खाली. माझा आवाज येतो तिकडे.

मी कोरा कागद पुढे सरकवला. "हा तुमचा जबाब. वाचा आणि सही करा."

त्याने कागद हातात घेतला, वाचल्यासारखे केले आणि खाली सही केली.

मी तो कोरा कागद घडी करून खिशात ठेवला. हवालदारापाठोपाठ येऊन बाहेर बसलेल्या मिस्त्रीला आत बोलावले.

"मोतीबिंदू आहे त्याले, साहेब," मिस्त्री म्हणाला. "दोन्ही डोयात. मेडिकलच्या तपासनीत गेला तं घरी पाठवतीन, पेन्शन जाईन, म्हणून बोलला नाई. डेपोत आमी ओंडक्याले खाचा पाडतो ना, थप्पीत हात घातला तरी कोनत्या प्रतीचा माल हे समजते. तशाच याच्या बटनाले पाडून देल्ल्या. अन् जंगलात जीप हालते, म्हणून फळी. कसूर माहा आहे, त्याले काऊन धरता?"

"सेटवर खबर चुकली एखादी?" मी हवालदाराला विचारले.

"एक बी नाई, साहेब," तो म्हणाला. मग खाली मान घालून म्हणाला, "पण चुकली असती."

त्या शेवटच्या वाक्यासाठी मला तो माणूस फार आवडला. मी चांद्याच्या माझ्या साहेबांना सगळे खरे लिहून कळवले. दोष जितका त्याचा तितकाच माझाही, कारण संदेशवहीत त्याची अक्षरे मोठी मोठी होत चालली होती आणि मी रोज खाली सही करत होतो. त्याच्या ऑपरेशनसाठी रजा मागितली आणि तोवर सेट मी स्वतः चालवीन असे लिहिले. साहेबांनी मला कडक शब्दांत झापले आणि रजा मंजूर केली.

रजेआधी पंधरा दिवस मी त्या फळीवर बसलो. मिस्त्री हलवायचा, हवालदार शिकवायचा. चुकले की बोटांवर फूटपट्टी. "हात ढिला ठेवा, साहेब. तुमी आरोपीले मारून नाई राह्यले." ठाण्याचे शिपाई कुंपणापलीकडून बघून पोट धरून हसायचे.

हवालदार ऑपरेशनसाठी नागपूरला असतानाच जीप दोन नाल्यांच्या मध्ये अडकली. ड्रायव्हरचा पाय मोडला होता. पाणी चढत होते आणि माझ्या चष्म्यावर इतका चिखल की समोरचे काही दिसत नव्हते. बोटांनी खाचा शोधल्या. एक, दोन, तीन. ठोकले. थोड्या वेळाने चांद्याहून उत्तर आले: नाला ओलांडायला डोंगा पाठवतो. आणि पुढे, हवालदार, रजेवरून इतक्यात आलात?

माझ्या ठोक्यांतून हवालदार ओळखला गेला होता. नोकरीत मला शाबासक्या मिळाल्या, पण अशी दुसरी नाही.

या प्रकरणाने मला शिकवले की खबर खरी असली तरी तिचा अर्थ खबऱ्याचा असतो. तो आपण स्वतः जाऊन तपासावा. पण खरा धडा नंतर मिळाला. जाड भिंगांचा चष्मा लावून हवालदार हजर झाला, सलाम ठोकला आणि माझ्या तोंडाकडे बघतच राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "मिशी कधी पिकली तुमची?"

मिशी पिकून तीन वर्षे झाली होती. तीन वर्षे तो रोज सकाळी माझ्यासमोर उभा राहत होता, आणि त्याला दिसत नाही हे मला दिसले नव्हते.