खांबाला वळसा

जपानमधल्या ओकिनावा बेटाचे कराटेगुरू आमच्या घरी उतरले ते आमच्या पुण्याईमुळे नव्हे, कमोडमुळे. नव्वदीची सुरुवात होती. पनवेलच्या आमच्या क्लासात चाळीस जण होते आणि चाळीस घरांत मिळून कमोड एकच, आमच्याकडे, वडिलांच्या गुडघ्यांसाठी बसवलेला. सरांनी घरोघर चौकशी केली आणि शेवटी आमच्या दारात येऊन, चप्पल न काढता, पाहुणा तुमच्याकडे, असं सांगून टाकलं. आईने आधी कमोड घासला, मग घर, मग वडिलांना.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. सकाळी प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी लाथा मारायला जायचे. कमरेला तपकिरी पट्टा होता, काळ्याच्या एक पायरी अलीकडचा. नातेवाइकांना आई सांगायची की ती व्यायामाला जाते. तेही खोटं नव्हतं.

आमचे सर कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर कारकून होते. दिवसभर सळ्यांचे ट्रक तोलायचे. ट्रक काट्यावर चढायच्या आधीच नुसत्या टायरांकडे बघून ते टन सांगत, आणि आम्ही क्लासात पाऊल टाकलं की दुपारी कोण किती जेवलंय तेही सांगत. क्लास भरायचा बंद पडलेल्या भातगिरणीच्या वखारीत. तिथल्या कोंड्याचा वास माझ्या गणवेशाला असा चिकटला की लग्नानंतरही तो धुतला की नवरा विचारायचा, भात लागला का.

या भेटीत सरांचं काय पणाला लागलं होतं हे ते आम्हाला कधीच म्हणाले नाहीत. वडिलांना म्हणाले, आणि मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते, जिथे माझं बरंचसं शिक्षण झालंय. सर कराटे शिकले ते मुंबईच्या मोठ्या सरांकडे, आणि तेही जेमतेम तीन महिने. पुढची बारा वर्षं त्यांनी स्वतःच घासली होती. आता ओकिनावाच्या गुरूंना आमचं काम पसंत पडलं तर आमचा क्लास स्वतंत्र शाखा होणार, सर स्वतःच्या सहीने काळा पट्टा देणार. नाही पडलं तर क्लास मुंबईच्या सरांच्या हाताखाली जाणार, आणि आमचे सर स्वतःच्याच वखारीत मदतनीस होणार. वडील म्हणाले, होईल सगळं नीट. सर म्हणाले, चहा पुरे.

गुरुजी आले. आम्ही सगळे मान वर करून बघायच्या तयारीत होतो, ती खाली करावी लागली. सत्तरीचा माणूस, माझ्या खांद्याला लागेल एवढा, हात मात्र दुसऱ्या कुणाचे तरी लावल्यासारखे. बोटांचे सांधे सुपारीएवढे. आईने श्रीखंड-पुरी केली होती. त्यांनी एक चमचा खाऊन इतक्या आदराने वाटी बाजूला सरकवली की आईला ते कौतुकच वाटलं. मग त्यांची नजर भाजीच्या टोपलीत गेली. तिथे कारली होती. म्हातारा उठला, एक कारलं दोन्ही हातांत घेतलं आणि माहेरचं माणूस भेटावं तसा त्याच्याकडे बघत राहिला. त्यांच्या बेटावर कारलं म्हणजे रोजचं अन्न, हे मुंबईच्या सरांनी आम्हाला नंतर सांगितलं. आईने डोळ्यांत पाणी येईल असं कडू कारलं परतलं. त्यांच्या डोळ्यांत आनंदाचं आलं. तीन दिवसांत पनवेलच्या बाजारातली कारली संपली आणि चौथ्या दिवशी ट्रक वाशीहून मागवावा लागला. वडील म्हणतात ट्रक नव्हता, पिशवी होती. वडिलांना हिशेबाची सवय आहे, मला नाही.

प्रात्यक्षिक शाळेच्या मैदानावर ठेवलं होतं. वखार परदेशी पाहुण्याला दाखवण्यासारखी नाही, असं सरांचं मत. हजारभर माणसं जमली होती. बरं, दोनशे. नगराध्यक्ष हार घेऊन आले होते आणि कुणाच्या गळ्यात घालायचा हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. गुरुजी खुर्चीत ताठ बसले, शेजारी मुंबईचे सर, दुभाषे म्हणून.

आम्ही काता सुरू केला. काता म्हणजे न दिसणाऱ्या शत्रूंशी ठरलेल्या क्रमाने केलेली मारामारी. सर सगळ्यांपुढे, मागे आम्ही चाळीस. तीन पावलं पुढे, तीन ठोसे. मग एक पाऊल उजवीकडे, एक तिरकं पुढे, एक डावीकडे, पुन्हा सरळ. चाळीस गणवेश एकदम फडफडले. मैदानावरचे कावळे उडाले. माझ्या अंगावर काटा आला, इतके आम्ही छान दिसत होतो.

गुरुजींनी हात वर केला.

सगळे थांबले. ते उठून सरांपाशी आले आणि त्यांनी बोटाने जमिनीवर आमचा रस्ता काढून दाखवला: सरळ, मग बाहेर, मग आत, मग सरळ. "व्हाय?" त्यांना येणाऱ्या दहा इंग्रजी शब्दांपैकी तो एक होता.

मुंबईच्या सरांनी मात्र उत्तराची वाट पाहिली नाही. ते आमच्या सरांना मराठीत म्हणाले, "असली पावलं कुठल्याच कात्यात नाहीत. मी शिकवली नव्हती. पहिल्यापासून परत घ्यावं लागेल सगळं."

सरांचा चेहरा वजनकाट्याच्या पत्र्यासारखा झाला. आणि त्याच क्षणी, बारा वर्षांनी, मला दिसलं.

आमच्या वखारीच्या मधोमध सागाचा खांब आहे. सर जिथे उभे राहायचे तिथून चौथ्या पावलाला तो त्यांच्या छातीला लागायचा. म्हणून सर त्याला वळसा घालायचे. खांब त्यांच्या एकट्याच्या वाटेत होता, पण सर जे करतील ते आपण करायचं, ही क्लासची पहिली शिकवण. पट्ट्यांच्या परीक्षेला वर्षातून एकदा बाहेरचे परीक्षक येत, तेही वखारीतच, तिथे खांब समोर दिसायचा, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. आणि प्रात्यक्षिकाआधी पंधरा दिवस आम्ही मैदानावर सराव केला, तोही असाच. सगळेच वळत होते, मग वळण दिसणार कुणाला?

सर खोटं बोलू शकले असते. ही आमची खास पद्धत आहे, म्हणाले असते तर नगराध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या असत्या. त्यांच्या जागी मी असते तर त्या तीन पावलांना एक प्राचीन इतिहासही दिला असता. सर म्हणाले, "खांब आहे."

मुंबईच्या सरांना हे जपानीत सांगायची लाज वाटली. मग मीच पुढे होऊन माझ्या शाळकरी इंग्रजीत सांगितलं, "सर, पिलर." गुरुजींनी मैदानभर नजर फिरवली. खांब कुठेच नव्हता. मी वखार, भिंती, छप्पर, चौथं पाऊल असं सगळं हातवारे करून दाखवलं. शेवटी मधोमध उभं राहून मी खांब झाले आणि माझ्याभोवती बोट फिरवलं.

गुरुजींना कळलं. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी मला हाताने बाजूला केलं, माझ्या जागी स्वतः उभे राहिले आणि छातीवर बोट ठेवलं. "पिलर," ते म्हणाले. मग सरांकडे बघून, "नाऊ, स्ट्रेट."

सरांनी काता सुरू केला. तीन पावलं, तीन ठोसे, आणि पाय आपोआप उजवीकडे गेला. गुरुजींनी मान हलवली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पाय उजवीकडे. पाय सवयीने जात होता की समोर सत्तर वर्षांचा पाहुणा आहे म्हणून, ते सरांनाही ठाऊक नसावं. गर्दी टाचा उंचावून बघू लागली. मुंबईचे सर घड्याळ बघत होते.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. आमच्यातला सगळ्यात दांडगा गडी, उरणकडच्या मिठागरवाल्यांचा, एका हाताने मिठाचं पोतं उचलणारा. पोत्यात तो स्वतःच्या भावालाही बसवून उचलायचा.

"सर, जा ना सरल," तो म्हणाला. "खांब नाय हाय तो, मानूस हाय. लागला त हटंल."

सरांनी डोळे मिटले, उघडले, आणि निघाले. एक, दोन, तीन. चौथं पाऊल सरळ पडलं आणि ठोसा सरांच्या सगळ्या वजनासकट गुरुजींच्या छातीवर बसला. धान्याचं पोतं गाडीतून खाली टाकावं तसा आवाज आला. पनवेलात आजही काही जण सांगतात की म्हातारा दहा फूट मागे उडाला. मी दोन हात अंतरावर उभी होते आणि अतिशयोक्तीत मला कुणी हरवू नये म्हणून खरं तेच सांगते: तो एक इंचही हलला नाही. त्याने फक्त श्वास सोडला आणि कमरेत वाकून सरांना नमस्कार केला.

मग ते मुंबईच्या सरांशी बराच वेळ बोलले. मुंबईच्या सरांचं भाषांतर मात्र फार लहान झालं.

"ते म्हणतात, बाकी सगळं बरोबर आहे. वळण काढा आणि शाखा चालवा."

सर पट्टा सोडून पुन्हा बांधू लागले, आणि तीन वेळा त्यांना गाठच बसेना. आम्ही चाळीस जण तेवढ्यात आकाशाकडे बघत होतो.

परवान्याच्या कागदावर सही आमच्या जेवणाच्या टेबलावर झाली. संध्याकाळी गुरुजींनी हट्टाने वखार बघितली आणि खांबापुढे ते नगराध्यक्षांपुढे वाकले होते त्याहून खाली वाकले. दुसऱ्या दिवशी ते गेले.

सोमवारी क्लास भरला. सर आत आले, नेहमीच्या जागेवर उभे राहिले, खांबाकडे बघितलं आणि दोन पावलं डावीकडे सरकले. झालं. समोरची वाट भिंतीपर्यंत मोकळी. बारा वर्षांत हे ना सरांना सुचलं होतं, ना आमच्यापैकी कुणाला.

सरांनी काता सुरू केला आणि सरळ चालत गेले. मागे आम्ही चाळीसच्या चाळीस जण, एका तालात, उजवीकडे वळलो. गणवेशांचा आवाज चुकीच्या बाजूने आला तसे सर थांबले. वळून त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि ते इतके हसले की त्यांना खांबाला टेकावं लागलं.