बिनटोचलेलं करडू

पुंजाराम यशोधरा मॅडमच्या नजरेत पहिल्यांदा भरला तो घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात. त्याचा उजवा हात रुमालाखाली होता. रुमालाखालीच दुसऱ्या व्यापाऱ्याची बोटं दाबत भावाची बोलणी चालली होती आणि तोंडाने तो तिसऱ्याच माणसाशी कांद्याविषयी बोलत होता. मॅडम शेळ्या घ्यायला आल्या होत्या. त्यांनी एका काळ्या शेळीच्या पाठीवर हात ठेवला, तसा पुंजाराम सौदा अर्धवट सोडून वळला.

"ती घेऊ नका बाई. दिसाया गुबगुबीत हाय, पन खोकती."

दलाली बुडवून खरं सांगणारा माणूस मॅडमना आवडला. महिन्याभरात पुंजाराम त्यांच्या प्रयोगशाळेतल्या शेळ्या सांभाळायला लागला.

ही प्रयोगशाळा शेवगाव रस्त्याला माळावर आहे. तिथे औषध बनत नाही की लस बनत नाही. कोरोनाच्या विषाणूच्या अंगावर जे काटे असतात, ज्याला स्पाइक म्हणतात, तो काटा तेवढा वेगळा बनवून आणतात आणि शेळीला टोचतात. शेळीचं रक्त त्या काट्याला परका म्हणून ओळखतं आणि त्याला धरून ठेवणारी अँटीबॉडी तयार करतं. थोडं रक्त काढून ती अँटीबॉडी वेगळी करायची, इवल्याशा कुप्यांत भरायची आणि विषाणूचा अभ्यास करणाऱ्यांकडे पाठवायची, एवढंच तिथलं काम. मॅडमनी पहिल्याच दिवशी हे सगळं नीट सांगितलं. पुंजारामने मान हलवली. पण त्याच्या डोक्यात शिरलं ते एवढंच, की इथे शेळ्यांना कोरोना टोचतात.

कोरोना त्याने पाहिलेला होता. दुसऱ्या लाटेत त्याच्या बायकोला, भिमाबाईला, ॲम्ब्युलन्सने नगरला नेलं आणि परत आला तो फक्त फोन. त्यामुळे तो कामावरून निघताना कोपरापर्यंत साबण लावी, कपडे बदली. त्याच्या जोडीला कामाला असलेला बिभीषण हसायचा.

"तात्या, आरं शेळीलाच मास्क बांध की! शिंकली तर काय करशील?"

"तू दात काढ. तुज्या घरचं कुनी गेलं न्हाई."

तिथे शेळ्यांच्या दोन शेड आहेत. एकीत टोचलेल्या शेळ्या, दुसरीत कोऱ्या. कोऱ्या शेळ्यांचं रक्त तुलनेसाठी लागतं, म्हणून त्यांना सुई लावत नाहीत. एकदा मॅडम माहेरी कर्जतला गेल्या होत्या. त्या सकाळी कोऱ्या शेडमधली एक शेळी व्याली आणि मेली. करडू जिवंत होतं. पलीकडच्या शेडमध्ये एक टोचलेली शेळीही तेव्हाच व्याली होती. ती गाभण आहे हे टोचल्यानंतर कळलं होतं. तिचं करडू मेलेलंच जन्मलं.

पुंजारामने अशा वेळी त्याच्या बापाने केलं असतं तेच केलं. पोरकं करडू छातीशी धरून पलीकडे नेलं, त्या शेळीची व्याल्यावर पडलेली वार त्याच्या पाठीवर चोळली, वरून मिठाचं पाणी शिंपडलं. शेळीने हुंगलं, चाटलं आणि आपलंच समजून उभी राहिली. करडू पोटभर चीक प्यालं. दुसऱ्या दिवशी त्याने ते परत कोऱ्या शेडमध्ये आणलं आणि बाटलीवर वाढवलं. मॅडम आल्यावर त्याने शेळी मेल्याचं सांगितलं, पण चिकाचं काही सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. करडाला चीक पाजणं ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

करडू दोनेक महिन्यांचं झाल्यावर मॅडमनी तुलनेसाठी त्याचं थोडं रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी त्या शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काका, या करडाला कुणी सुई टोचली?"

"न्हाई."

"बिभीषण?"

"आईची आन मॅडम, मी हात बी न्हाई लावला."

"मग याच्या रक्तात स्पाइकची अँटीबॉडी आली कुठून? मी पुन्हा पुन्हा तपासलं." त्या करडाकडे बघत राहिल्या. नमुन्यांची अदलाबदल झाली, की आपलंच काही चुकलं, हे त्यांना समजेना.

पुंजारामने मात्र वेगळाच अर्थ लावला. न टोचलेल्या करडाच्या रक्तात कोरोना निघाला, म्हणजे इकडून तिकडे गेला. आणि मधे कोण, तर आपण.

नेमकं त्याच आठवड्यात त्याची सून रेश्मा बाळंत झाली होती. मुलगी झाली होती. पुंजाराम घरी गेलाच नाही. शेडशेजारच्या खोलीत बाज टाकून तो तिथेच राहायला लागला. मुलाचा, तुषारचा, फोन आला.

"तात्या, बारसं ठरलंय. येताय ना?"

"बघू."

"बघू काय? पोरगी झाली म्हनून येत न्हाई का? रेश्मा रडती हिकडं."

"तसं न्हाई रं..."

"मग कसं, ते तरी सांगा!"

 फोन तिकडून बंद झाला. पुंजाराम तसाच उठला आणि मॅडमच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"मॅडम, माजं बी रक्त तपासा."

"कशाला?"

"करडाला झाला, तर मला झाला असंलच. मीच त्याला उचलून न्हेलं हुतं."

मॅडमनी हातातलं काम ठेवलं. "उचलून कुठे नेलं होतं?"

"पलीकडं. टोचलेलीला लावलं हुतं. चीक पाजाया."

मॅडम खुर्चीवर मागे टेकल्या आणि मोठ्याने हसल्या. मग कपाळाला हात लावला. "अहो काका, चिकातून गेल्या त्या! आईच्या चिकातून पिल्लाला अँटीबॉडी मिळतात. रोग नाही गेला. आपल्याकडे रोग मुळात नाहीच."

"रोग न्हाई, तर मग रोगाचं कसं निघालं?"

"रोगाचं नाही. रोगाला धरणारं."

 पुंजारामने विचारलं, "आन माज्या रक्तात?"

"तुम्ही लस घेतलीत ना? मग तुमच्या रक्तातही हेच निघायचं."

पुंजारामचा चेहरा पडला. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. आपण काय बोलून बसलो हे मॅडमच्या ध्यानात आलं.

"काका, इकडे बघा. ते असणं चांगलं असतं."

"ते ऱ्हाऊ द्या मॅडम. मला एकच सांगा. तान्हं लेकरू घेऊ का न्हाई?"

"आज घ्या. आत्ता जा."

तो गेला. दारातच रेश्माने विचारलं, "मामा, एवढे दिवस कुठं हुता?" पुंजारामने सांगायला सुरुवात केली. काटा, चीक, धरणारं, धरलेलं, असं करत तो मध्येच अडकला. तुषारने बिभीषणला फोन लावून खात्री केली आणि पोरगी पुंजारामच्या मांडीवर ठेवली. बारशाला तिचं नाव दिशा ठेवलं.

करडू मॅडमच्या कामातून बाद झालं. व्यालेल्या शेळीला आणि तिच्या पिल्लाला हात लावायचा तर आधी विचारायचं, असा नियम झाला. पुंजाराम तो पाळतो. चीक पाजायचा तरी फोन करून विचारतो आणि नियम कशासाठी आहे हे बिभीषणने विचारलं की "मॅडमलाच इचार" म्हणतो.

सध्या तो घरूनच सकाळच्या एसटीने कामावर जातो, आणि रेश्मा संध्याकाळचा स्वयंपाक करते तेवढा वेळ दिशा त्याच्याकडे असते.